पाणी सावित्रीचे, वल्हे चांदवडचे

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी बसगाड्यांसह काही वाहने प्रवाशांसकट वाहून गेली. नदीपात्रातला शोध पुढे कित्येक दिवस चालला. तो चालू असतानाच, ६ ऑगस्टला, रिओ द जानेरोच्या रॉड्रिगो डी फ्रेटास सरोवरात दत्तू बबन भोकनळ हा महाराष्ट्राचा जवान ऑलिम्पिकच्या पुरुष एकेरी स्कल्स स्पर्धेत उतरला. या दोन बातम्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु त्या शेजारी ठेवल्या, की एक विसंगती डोळ्यांत भरते. जिथे दरवर्षी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, त्या महाड-पोलादपूरला पाणी म्हणजे संकट एवढीच ओळख उरली आहे. आणि पाण्यावरचा सर्वांत कष्टाचा खेळ ऑलिम्पिकपर्यंत नेणारा खेळाडू निघाला तो नाशिक जिल्ह्यातल्या टंचाईग्रस्त चांदवड तालुक्यातून.

दत्तूचे गाव तळेगाव रोही. वडील विहिरी खोदण्याची कामे करीत आणि दत्तूही त्यांना हातभार लावत असे. पाण्याशी त्याचा संबंध होता तो असा, ते शोधण्यापुरता. वडिलांच्या निधनानंतर २०१२ मध्ये तो लष्कराच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला. सहा फुटांवरची उंची आणि लांब हात पाहून त्याला वल्ह्याकडे वळवण्यात आले. आधी पाण्याची भीती वाटत होती, हे त्यानेच सांगितले आहे. तेथून चार वर्षांच्या आत तो ऑलिम्पिकला पोहोचला. दक्षिण कोरियातील चुंगजू येथे एप्रिल २०१६ मध्ये झालेल्या पात्रता स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले, आणि रिओला गेलेला तो भारताचा एकमेव नौकापटू ठरला. तो तिकडे असताना आई अपघातातील दुखापतीने अंथरुणाला खिळलेली होती.

रिओतील त्याची कामगिरी आकड्यांनी मोजण्यापूर्वी एक खबरदारी आवश्यक आहे. नौकानयनात वेळेवरून तुलना करणे फसवे असते, कारण घड्याळाइतकाच वाराही शर्यत ठरवतो. पहिल्या दिवशी तेथे इतका वारा होता, की सर्बियाची एक दुहेरी नौका चक्क उलटली. दुसऱ्या दिवशीच्या सर्व शर्यती रद्द कराव्या लागल्या. दत्तूने पहिल्या फेरीत ७ मिनिटे २१.६७ सेकंद घेतले आणि तिसरा येऊन उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे ६ मिनिटे ५९.८९ सेकंदांची वेळ देऊनही तो चौथा आला. पुढे जाण्यासाठी पहिल्या तिघांत येणे भाग होते. मग तेराव्या ते अठराव्या क्रमांकासाठीची शर्यत त्याने ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली आणि ३२ स्पर्धकांत तेरावा क्रमांक मिळवला. सुवर्णपदकाचा निकाल लागला तो छायाचित्रावरून. न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन या दोघांचीही वेळ ६ मिनिटे ४१.३४ सेकंद अशी नोंदली गेली होती.

तेरावा क्रमांक ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी पुढचे-मागचे निकाल पाहावेत. याच प्रकारात २००८ मध्ये बीजिंगला बजरंगलाल ताखर एकविसावा, २०१२ मध्ये लंडनला स्वर्णसिंग सोळावा आणि २०२४ मध्ये पॅरिसला बलराज पंवार तेविसावा आला. दत्तूच्या पुढे यांपैकी कोणालाही जाता आलेले नाही. आता या चौघांची गावे पाहा. ताखर राजस्थानातील सीकरचा, स्वर्णसिंग पंजाबातील मानसाचा, पंवार हरियाणाचा आणि दत्तू चांदवडचा. खळाळत्या नदीकाठी वा समुद्राकाठी वाढलेला यांत एकही नाही. मात्र चौघांनाही जोडणारा एक धागा आहे, तो म्हणजे लष्कराचा गणवेश.

याचा अर्थ इतकाच, की हा खेळ पाणी असते तिथे उगवत नाही. नाव, प्रशिक्षक आणि पगार असतो तिथे उगवतो. एकेरी स्कल्सची नौका सुमारे आठ मीटर लांब आणि किमान १४ किलो वजनाची असते. खेळाडू पाठमोरा बसून, सरकत्या आसनावर मागे-पुढे होत दोन वल्ही मारतो. असली नाव आयात करण्याची ऐपत सर्वसामान्य कुटुंबाजवळ नसते. पाणीही तिला हवे ते निराळेच. दोन हजार मीटरचा सरळ पल्ला, साडेतेरा मीटर रुंदीच्या सहा मार्गिका, पुरेशी खोली आणि जवळजवळ शून्य प्रवाह. पुण्यात लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाने ही सोय आपल्या आवारात केली, म्हणून दत्तू घडला.

सावित्रीकडे यातले काय आहे? महाबळेश्वरी उगम पावून ती सह्याद्रीची भिंत उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, तेथे काळ आणि गांधारी तिला मिळतात आणि पुढे दासगावकडून बाणकोटच्या खाडीला. भरतीचे पाणी महाडपर्यंत चढते. त्याच भरतीवर स्वार होऊन एके काळी गलबते येत आणि वरंध घाटाने उतरलेला माल घेऊन परत जात. ही जलवाहतूक गाळाने आणि रस्त्यांनी संपवली. पावसाळ्यात नदी अंगावर येते आणि उन्हाळ्यात वरच्या पात्रात खडक उघडे पडतात. २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथील दरडींनी आणि २०२१ मध्ये तळियेच्या दरडीने या खोऱ्याला जे दाखवले, त्यानंतर नदीचा विचार गाळ, पूररेषा आणि पूल यांपलीकडे जात नाही. तो जावा, अशी अपेक्षा करणेही काहीसे निर्दयपणाचे आहे. कोसळलेल्या पुलाच्या जागी नवा पूल ५ जून २०१७ रोजी खुला झाला, हीच येथील लोकांची मोठी मिळकत.

मात्र माणसांची उणीव येथे नाही. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यातले. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाने तर फौज नावातच मिरवली आहे. भारतीय नौकानयन लष्कराच्या जोरावर उभे असेल, तर सैनिकी परंपरेच्या या पट्ट्यातून वल्हेकरी का येऊ नयेत? अडसर बहुधा शरीरयष्टीचा असावा. खुल्या गटातील एकेरी स्कल्स हा ताडमाड माणसांचा खेळ आहे, आणि डोंगराळ मुलखातला तरुण सहसा काटक, मध्यम बांध्याचा. अशांसाठीच १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये वजनाने हलक्या खेळाडूंचा गट होता. अर्जुनलाल जाट व अरविंदसिंग यांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये अकरावे स्थान मिळवले ते याच गटात. पॅरिसनंतर तो गट ऑलिम्पिकमधून काढून टाकण्यात आला. जगाच्या दृष्टीने हा कार्यक्रमपत्रिकेतला किरकोळ बदल असेल. भारताचे मात्र त्यात एक दार बंद झाले.

त्याच्या जागी जे आले आहे, त्याची दखल क्रीडा खात्याने अद्याप घेतली नसेल तर घ्यायला हवी. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये नेहमीच्या शर्यती दोन हजारऐवजी दीड हजार मीटरच्या होतील आणि सागरी नौकानयन प्रथमच पदार्पण करील. यात खेळाडू वाळूवरून धावत येऊन नावेत चढतो, बोयांना वळसे घालत २५० मीटर आत जातो, परत फिरून सरळ किनाऱ्याला लागतो आणि पुन्हा धावत सुटतो. एकेरी नाव जाडजूड, तिचे वजन ३५ किलोंच्या घरात. तिला सहा मार्गिकांचा स्तब्ध जलाशय लागत नाही. किनारा, लाट आणि थोडी वाळू पुरे. सावित्री जिथे समुद्राला मिळते, तिथे एका बाजूला रायगडचे हरिहरेश्वर आणि दुसऱ्या बाजूला रत्नागिरीतले बाणकोट-वेळास. किनारा तेथे आयताच आहे.

जलाशय बांधून प्रश्न सुटतो असेही नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांतील नौकानयन जयपूरजवळच्या रामगढ तलावात झाले होते. तो तलाव पुढे आटून कोरडा पडला. स्वतः दत्तूने नंतर, २०१८ मध्ये, पालेमबांगच्या जकाबारिंग सरोवरात एकेरी स्कल्सच्या अंतिम शर्यतीत आजारी अवस्थेत सहावा, म्हणजे शेवटचा, क्रमांक घेतला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंग यांच्यासह त्याने चौघांच्या स्कल्समध्ये ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत आशियाई सुवर्णपदक जिंकले. अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला तो २०२० मध्ये.