गावच्या शाळेला हा कायदा कधी लागणार?



ऐन चैत्रात आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका नव्या ग्रामपंचायत कार्यालयात दुपारचे बसलो होतो. स्लॅब तापलेला, पश्चिमेला मोठाल्या काचा, वर चार पंखे गरम हवाच अंगावर टाकताहेत. शिपाई म्हणाला, "दुपारी हितं कुणी थांबत न्हाई साहेब, बिल तेवढं येतंय." शेजारची जुनी माळवदाची चावडी मात्र गार!

कायदा नाही असे नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली इमारतींसाठी २००७ साली संहिता निघाली, २०१७ साली ती सुधारली. छप्पर, भिंती, काचा, दिवे, वातानुकूलन, सगळ्याला मापे घालून दिली आहेत. पण लागू कुणाला? ज्या इमारतीचा जोडभार १०० किलोवॅट किंवा करार मागणी १२० केव्हीए आहे, तिथून पुढे.

आता दहा वर्गांची शाळा धरा. वर्गाला ७५ वॅटचे दोन जुने पंखे, म्हणजे दीड किलोवॅट. दिवे धरून दोन. अशा पन्नास शाळा एकत्र केल्या तर कुठे कायद्याची नजर पडायची! आणि आज तीसेक वॅटचा पंखा बाजारात मिळतो. तेच वीस पंखे सहाशे वॅटमध्ये फिरतील.

२०२२ ची दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून अमलात आली. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार तिने राज्य सरकारला दिला आहे. सरकारने तो वापरावा आणि सरकारी पैशाने उठणाऱ्या प्रत्येक नव्या शाळेला, दवाखान्याला, कार्यालयाला साधे का होईना नियम लावावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. खर्च वाढेल अशी ओरड होईल. अहो, कारखान्यात स्टीम लाइनवरचे लॅगिंग निघाले तर इंजिनिअरला झोप लागत नाही. तिथे खर्च दिसत नाही, मग पोरांच्या डोक्यावरच्या स्लॅबलाच का दिसावा?

आमचेही चुकते, हे कबूल. बगॅसवरची वीज घरचीच, म्हणून ऑफिसातले दिवे-पंखे मोकळ्या खुर्च्यांवर चालू असतात. वाचलेले युनिट ग्रीडला विकता येते, हे आम्हाला कुणी सांगायला नको.

येत्या वार्षिक सभेत याबाबत सरकारकडे मागणीचा ठराव मांडण्याचा विचार आहे. आपल्या गावची नवी इमारत उन्हाळ्यात कशी वागते आणि बिल किती येते, ते सभासदांनी आपापल्या गट ऑफिसात लेखी कळवावे.