साठ लाखांचा देश, एकसष्ट लाखांचा जिल्हा : खेळाडू नेमका घडतो कुठे?

(१/२५)
२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख. डेन्मार्क या संपूर्ण देशाची लोकसंख्या आज सुमारे ६० लाख. या देशाच्या पुरुष हँडबॉल संघाने २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ असे सलग चार वेळा विश्वविजेतेपद पटकावले. हँडबॉलच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही पुरुष संघाला हे साधलेले नाही.

(२/२५)
नाशिकनेही मोठे खेळाडू दिले आहेत. तेव्हा प्रश्न गुणवत्तेचा नाही. खेळाडूला कोणी सांभाळले, कोणत्या वयात सांभाळले आणि तो ज्या मैदानावर खेळला ते कोणाच्या ताब्यात होते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. ते विचारण्यासाठी देवळाली कॅम्पइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. हा धागा त्याविषयी.

(३/२५)
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी देवळालीत लष्कराचा तळ वसवला. भारतातील मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे थांबत. जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम हुकला, की पुढच्या जहाजापर्यंत कित्येक महिने रिकामे.

(४/२५)
या रिकामपणाने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला. देवळालीत राहून डोके फिरलेल्या सैनिकाला ‘डूलाली टॅप’ झाला, असे म्हणत. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजी कोशांत वेडसर या अर्थाने आजही आहे. रिकाम्या बसलेल्या तरुणांचे काय होते, याची साक्ष देणारे हे बहुधा एकमेव मराठी ग्रामनाम असावे.

(५/२५)
सैनिकांना गुंतवून ठेवण्याचा एक उपाय म्हणजे खेळ. भारतातील ब्रिटिश लष्कराने फुटबॉल, हॉकी, मुष्टियुद्ध छावणीच्या दिनक्रमातच आणले. सिमल्यात ड्युरँड चषक १८८८ मध्ये आणि मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला. दोन्ही स्पर्धांवर आरंभी गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व होते.

(६/२५)
पुढे हीच सोय देशी शिपायांनाही मिळाली. ध्यानचंद १९२२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी लष्करात शिपाई झाले आणि हॉकी खऱ्या अर्थाने तेथेच शिकले. मिल्खासिंग यांच्यातील धावपटूही लष्करातच गवसला. घरी मैदान नव्हते, प्रशिक्षक नव्हता, पुरेसा आहार नव्हता. गणवेशाने तिन्ही दिले.

(७/२५)
नाशिक जिल्ह्यातील अलीकडचे उदाहरण दत्तू भोकनळ यांचे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे दुष्काळाने गांजलेले गाव. तेथील हा तरुण २०१२ मध्ये लष्करात गेला आणि वल्हे हाती धरायला तेथे शिकला. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या एकेरी नौकानयनात तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक जिंकला.

(८/२५)
कविता राऊत त्र्यंबकेश्वरकडील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत त्यांना कांस्यपदक मिळाले. या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. त्यांना आधार मिळाला तो सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपनीच्या नोकरीचा.

(९/२५)
खाशाबा जाधव यांना हा आधारही वेळेवर मिळाला नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्या पैशांवर आले. पोलीस खात्यातील नोकरी १९५५ मध्ये लागली. अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचे निधन होऊन दीड दशक उलटले होते.

(१०/२५)
२०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूरचे स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होते. काळ बदलला, खेळ बदलला. घडण तीच राहिली. आपल्याकडे ‘खेळाडूची कारकीर्द’ या शब्दप्रयोगाचा व्यावहारिक अर्थ ‘खेळामुळे मिळालेली नोकरी’ असा आहे. लष्कर, रेल्वे, पोलीस, बँका आणि सरकारी कंपन्या हेच आपले राजाश्रय.

(११/२५)
या आश्रयाला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. तो नसता तर वरीलपैकी काही नावे आपल्या कानांवरही आली नसती. तथापि त्याच्या दोन मर्यादा आहेत. पहिली वयाची : भरती होते तेव्हा तरुण साधारण अठरा वर्षांचा असतो. दुसरी अशी, की भरती एकेकट्याची होते. गणवेश माणूस निवडतो. गावाचा संघ घडवणे हे त्याचे काम नाही.

(१२/२५)
धावणे, नेमबाजी, नौकानयन यांत उशिरा सुरुवात करूनही शिखर गाठता येते. हँडबॉल किंवा कबड्डीचे तसे नाही. सात जणांनी एकमेकांच्या हालचाली न बघता ओळखायच्या, तर आठव्या-नवव्या वर्षापासून दर आठवड्याला सात विरुद्ध सात असा सामना व्हावा लागतो. त्यासाठी लागते गावातील जागा आणि ती जागा सांभाळणारी संस्था.

(१३/२५)
डेन्मार्कची कथा येथून सुरू होते. ऑर्ड्रुप येथील शिक्षक होल्गर नील्सन यांनी १८९८ च्या सुमारास शाळेतील मुलांसाठी हातांनी चेंडू खेळण्याचा प्रकार आणला आणि १९०६ मध्ये त्याचे नियम छापले. भारतातील प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांत कृत्रिम श्वासोच्छ्वासाची ‘होल्गर नील्सन पद्धत’ सापडते; ती याच गृहस्थांची.

(१४/२५)
शाळेच्या अंगणातील हा खेळ गावोगावच्या क्लबांनी उचलला. डॅनिश क्लब म्हणजे श्रीमंतांचे जिमखाने नव्हेत. सभासदांची वर्गणी, पालकांची विनावेतन मेहनत आणि नगरपालिकेची जागा यांवर ते चालतात. अशा संस्थांना, विशेषतः पंचवीस वर्षांखालील सभासदांसाठी, जागा व साहाय्य देणे हे तेथील नगरपालिकांचे कायद्याने ठरलेले कर्तव्य आहे. मैदान मिळवण्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची वाट पाहावी लागत नाही.

(१५/२५)
या पायावर कारकिर्दी कशा उभ्या राहतात ते पाहू. मथियास गिडसेल १९९९ मध्ये स्क्येर्न या पश्चिम डेन्मार्कमधील लहानशा गावात जन्मला आणि तेथील क्लबमध्येच खेळू लागला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. अंतिम सामन्यात डेन्मार्कने जर्मनीला ३९-२६ असे नमवले.

(१६/२५)
त्याच्या आधीच्या पिढीचा मिकेल हान्सेन तीनदा, २०११, २०१५ आणि २०१८ साठी, जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोलरक्षक निक्लास लांडिन याला हा मान दोनदा मिळाला. दोघांनीही पॅरिसच्या सुवर्णपदकानंतर राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला आणि संघ कोलमडला नाही; पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, तो पुन्हा विश्वविजेता झाला.

(१७/२५)
महिलांचा इतिहास याहून आधीचा. डेन्मार्कच्या महिलांनी १९९६, २००० आणि २००४ अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली. पहिल्या संघातील आन्या आंडर्सन हिला १९९९ मध्ये हृदयविकारामुळे खेळ सोडावा लागला. ती प्रशिक्षक झाली आणि स्लागेल्से या छोट्या शहराच्या संघाला तिने तीनदा युरोपचे क्लब विजेतेपद मिळवून दिले.

(१८/२५)
येथे हमखास येणारा आक्षेप : ‘तो श्रीमंत देश आहे.’ आहे खरा. परंतु नुसत्या पैशावर उभा केलेला कोपनहेगनचा तारांकित संघ २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्या संघातून हान्सेनला पॅरिसला जावे लागले. पैशाचा संघ बुडाला; स्क्येर्नसारख्या गावांतील क्लब चालत राहिले, म्हणून पुढचा गिडसेल मिळाला. शिवाय खेळ रुजला तो शाळेच्या अंगणात आणि उघड्या मैदानावर.

(१९/२५)
आणि महाराष्ट्राजवळ हे नव्हते असेही नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच ऑलिम्पिकमध्ये मैदानी हँडबॉल प्रथमच खेळला गेला. त्या सहा संघांत डेन्मार्क नव्हता!

(२०/२५)
‘मंडळ’ हाच आपला डॅनिश क्लब होता. कबड्डी आणि खो-खोचे लेखी नियम महाराष्ट्रातील अशाच संस्थांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडवले. मुंबईच्या गिरणगावात लालबाग-परळच्या मंडळांनी आणि व्यायामशाळांनी कबड्डी जगवली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि मातीची क्रीडांगणे आक्रसली.

(२१/२५)
नियम लिहिणाऱ्याकडेच विजय राहतो असे नाही, हे नाशिककरांनी फार जवळून पाहिले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले. इराणच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन. नाशिकमध्ये वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकवलेल्या. विद्या येथली होती. तिला पूर्ण संघ, वेळ आणि अधिकार मिळाले ते परदेशात.

(२२/२५)
हँडबॉलचे आपल्याकडे काय झाले? भारतीय महासंघ १९७२ चा. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारतीय संघ उतरला. २०२३ मध्ये फ्रँचायझी लीगचा पहिला हंगाम झाला आणि तो ‘महाराष्ट्र आयर्नमेन’ या संघाने जिंकला. नाव महाराष्ट्राचे झाले, हे चांगलेच. मात्र लीग हा कळस आहे. गावातील दर आठवड्याचा सामना हा पाया असतो, आणि कळसाने पाया घडत नाही.

(२३/२५)
आता पुन्हा देवळालीकडे. छावण्यांतील नागरी वस्ती लष्करी हद्दीतून वेगळी करण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले असून २०२३ मध्ये हिमाचलमधील खास योलपासून त्याची सुरुवात झाली. देवळालीच्या नागरी भागाचे काय, हाही विषय चर्चेत आहे. महापालिका की स्वतंत्र नगरपालिका, कर किती, बांधकामाची परवानगी कोणाकडे, यावर वाद होतो. मैदानांचा उल्लेख त्यात अभावानेच आढळतो.

(२४/२५)
तोफखान्याच्या सरावाची जमीन बंदच राहिली पाहिजे. त्याविषयी वाद नाही. परंतु नागरी भाग ज्या संस्थेकडे जाईल, तिच्या कागदपत्रांत प्रत्येक क्रीडांगणाची नोंद पहिल्या दिवशी व्हावी. त्या जागेचा वापर बदलता येऊ नये. शाळांची मैदाने संध्याकाळी नोंदणीकृत मंडळांना खुली असावीत आणि आठ ते चौदा वयाच्या मुलामुलींचा त्यावर पहिला हक्क असावा. यासाठी डेन्मार्कइतके पैसे लागत नाहीत. एक ठराव आणि कुलपाची एक किल्ली लागते.

(२५/२५)
हे झाले नाही, तर आपण पुढेही एखाद्या दत्तूची वाट पाहत राहू : दुष्काळी गावातून, अठराव्या वर्षी, भरतीच्या रांगेतून अवचित आलेला. तो आला की सत्कार करू आणि त्याच्या गावातील बाकीची मुले तोवर कोठे खेळत होती, हे विचारणार नाही. वाट पाहत बसलेल्या तरुणांमुळे देवळालीचे नाव एकदा इंग्रजी कोशात गेले आहे. तेवढे पुरे.