उभे राहा, पण पुतळा होऊ नका

स्टाफच्या नेमणुकीत फायली वाढतात आणि कमरेचा पट्टा एकेक भोक सैल करावा लागतो. त्यावर उपाय म्हणून आता उभ्याने काम करायची उंच टेबलं आली आहेत. माझं मत सरळ आहे: टेबल जरूर घ्या, पण नुसतं उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे.

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. मॉरिस यांनी श्रेय दिलं ते हालचालीला.

परेड केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. 'सावधान'मध्ये फार वेळ निश्चल उभा राहिलेला धडधाकट जवानही कोसळतो, कारण रक्त पायांत साठतं आणि मेंदूला कमी पडतं. म्हणून उस्ताद सांगतात, बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं.

तेव्हा निवृत्त बंधूंनो, अर्धा तास बसा, थोडं उभे राहा, फोन आला की चालत बोला. वर्दी उतरली म्हणजे कायमचा 'विश्राम' मिळाला असं नाही.