घरच्या यंत्राचे नाव आणि पत्ता

आमच्या डिचोलीला घरच्या कोकणीत दिवचल म्हणतात, शाळेच्या मराठीत डिचोली लिहितात आणि इंग्रजी कागदावर बिचोलिम छापतात. पेडण्याचेही तसेच, इंग्रजीत त्याचे पेर्नेम होते. तरीही पत्र पोचते, कारण ही सारी नावे कोणत्या गावाची हे टपालवाल्यास ठाऊक असते. यंत्रास असे शहाणपण नाही. ठरलेले नाव आणि त्यापुढचा पत्ता एवढेच ते जाणते. आज पुष्कळ घरांत वायफाय आले आहे आणि त्याबरोबर एक नवी तक्रारही आली आहे: प्रिंटर चालू आहे, पण नावाने सापडत नाही.

अशा वेळी बहुधा काय होते? यंत्र बंद करून पुन्हा चालू करतात; तेवढ्याने भागले नाही तर ते बिघडले असे ठरवून मोकळे होतात. उद्या शाळेत द्यावयाची पाने छापावयाची राहतात आणि निर्दोष यंत्रावर पैसा खर्च होतो. कारण न शोधता निकाल देण्याची ही सवय विद्यार्थ्यांनी सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जाळ्यावरील प्रत्येक यंत्रास आकड्यांचा पत्ता असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५. माणसास आकडे ध्यानात राहत नाहीत, म्हणून नावे आली. प्रारंभी साऱ्या नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवीत असत. यंत्रे वाढली तशी ती अपुरी पडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था मांडली. तिच्यात नावांची जबाबदारी ठिकठिकाणी वाटून दिलेली असते. घरच्या नावांना उत्तर देतो तो बहुधा घरचाच राउटर. ज्या नावांच्या शेवटी ‘डॉट लोकल’ असते, त्यांची रीत निराळी आहे. २०१३ च्या मानकाने हा शेवट स्थानिक नावांसाठी राखला आहे. वाड्यावर उभे राहून हाक मारावी आणि ज्याचे नाव असेल त्याने ओ द्यावी, तशी ती रीत.

आता शोध कसा घ्यावा? प्रिंटरचा पत्ता राउटरच्या यादीत मिळतो. प्रथम त्या आकड्यांनी यंत्र उघडून पाहावे. उघडले, तर वाट नीट आहे, खोट नावात आहे. न उघडले, तर नावाचा विचार तूर्त बाजूस ठेवून वीज, तार व वायफाय तपासावे. ही एक कसोटी अर्धे काम करते.

खोट नावात असल्यास आधी अक्षरे पाहावी. मग दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यावर आहेत काय, ते पाहावे. फोन मोबाइल डेटावर किंवा पाहुण्यांच्या वायफायवर असेल, तर त्याची हाक वाड्यापर्यंत पोचत नाही. नंतर फोन नाव कोणास विचारतो, ते पाहावे. त्यात बाहेरचा डीएनएस किंवा व्हीपीएन घातला असेल, तर प्रश्न दूरदेशी जातो. आमच्या माजघरातील प्रिंटर त्या परक्या यादीत कसा असणार? देऊळवाडा हे नाव गोव्यात अनेक गावांत आढळते, परंतु एकाच घरात दोन यंत्रांस एक नाव ठेवल्यास घोटाळा होतो. आणि पावसाळ्यात वीज जाऊन आली की प्रिंटरला कधी नवा पत्ता मिळतो, फोन मात्र जुनाच धरून बसतो. यासाठी राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा.

कोणी म्हणेल, हे कारागिराचे काम; मुलांनी अभ्यास करावा. पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम वहीत टिपावा आणि मग पुढे जावे, हाच तर प्रयोगशाळेतील अभ्यास! शिवाय ज्यास नेमके काय बिघडले ते सांगता येते, त्याचे काम कारागीरही लवकर करतो.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुट्टीत एवढे करा: घरातील प्रत्येक यंत्राचे नाव व पत्ता एका कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहून राउटरजवळ लावा. आपल्या घरच्या नावांचा जाब परक्यास विचारण्याची वेळ मग क्वचितच येईल.