वेठ कोणाची, आरोप कोणावर?



आपण रस्ता रोखला, दूध थांबवले, की एकच ओरड होते: 'शेतकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले.' 1 जून 2017 रोजी पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हाही हीच भाषा झाली. आम्ही हा शब्द वर्षानुवर्षे निमूट ऐकत आलो. आता एकदा या शब्दाचाच सातबारा काढून पाहू.

'वेठ' हा शब्द संस्कृत 'विष्टि'पासून आला. विष्टि म्हणजे राजाने प्रजेकडून सक्तीने, फुकट करून घेतलेले काम. गुजरातेत जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशी, अशोकाचे लेख असलेल्याच खडकावर, क्षत्रप रुद्रदामनाचा इ. स. 150 चा लेख आहे. वादळी पावसात सुदर्शन तलावाचा बांध फुटला होता. प्रजेवर कर न लादता, विष्टि न घेता, आपल्याच खजिन्यातून तो बांधला, असे राजाने कोरून ठेवले. वेठ घेतली नाही ही गोष्ट दगडावर कोरण्याजोगी ठरली. मग एरवी काय चालत असेल ते ओळखावे.

पुढे फारसीतून 'बिगार' आला. अर्थ तोच, बिनमजुरीचे काम. दोन्ही मिळून 'वेठबिगार' झाले. फौज आली, अंमलदार आला, की माणूस धरायचा आणि डोक्यावर ओझे देऊन पुढे घालायचा. हे खरे वेठीस धरणे. यात कुणबी धरला जाई आणि गावकुसाबाहेरचा माणूस त्याहून जास्त. महार वतनाच्या नावाखाली चाललेल्या राबवणुकीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ती वेठ सरकारने घेतली तशी गावानेही घेतली, हे आपण लपवू नये.

घटनेच्या 23 व्या कलमाने बिगारीला बंदी केली. 1976 च्या कायद्याने वेठबिगार पद्धत रद्द झाली. 1982 साली दिल्लीतील एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. पोटाच्या गरजेने माणूस किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबत असेल, तर तीही सक्तीच.

हे माप आता आपल्या पऱ्हाटीला लावू. 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7710 रुपये जाहीर झाला. घरच्या माणसांची मजुरी धरून सरकारने खर्च काढला 5140 रुपये. पण ही देशाची सरासरी, त्यात ओलिताचा कापूसही आला. आमच्या हलक्या रानात एकरी तीन-चार क्विंटलच निघाला, तर वखरणी, बियाणे, डवरणी, निंदण यांचा सगळा खर्च तेवढ्यावरच बसतो. बियाण्याचे पैसे द्यावेच लागतात, खताचे द्यावेच लागतात, वेचणीचे किलोवर मोजावे लागतात. शेवटी उरते ती घरच्यांची मजुरी. भाव पडला की तूट तिच्यातूनच भरली जाते. धनी, त्याची बाई, शाळा बुडवून वेचायला आलेले पोर, यांचे कष्ट फुकट जातात. यालाच आपले पूर्वज वेठ म्हणत.

'तुम्हाला कोणी धरून आणले? परवडत नाही तर सोडा शेती,' असे शहाणे लोक सांगतात. त्यांना 1982 चा निकाल दाखवावा.

मात्र हे माप सरकारला लावायचे, तर ते आपल्या बांधावरही लागते. सालदाराला आणि निंदणाऱ्या बायांना किमान वेतन मिळते का? 'आम्हालाच भाव नाही' हे कारण खरे आहे, पण त्याने त्यांची वेठ संपत नाही. म्हणून भाव मागताना त्यांची पुरी मजुरी खर्चात धरूनच मागायचा, आणि भाव मिळाला की ती चुकती करायची.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने वही आणावी. कापसाचा आणि ज्वारीचा हिशेब वेगळा मांडावा. एका रकान्यात रोख खर्च, दुसऱ्यात घरच्यांचे दिवस, बायकांचे दिवससुद्धा. विक्रीतून रोख खर्च वजा करावा आणि राहिलेल्या रकमेला त्या दिवसांनी भागावे. जो आकडा येईल तो आपला रोज. कोणी वेठीचा आरोप केला, तर तीच वही त्याच्यापुढे उघडू.