घोळीचा घोळ

मागच्या ऑगस्टातल्या एका रविवारची गोष्ट. साताऱ्याला घरी गेलो होतो. सकाळचा दुसरा चहा घेऊन परसात आलो तर कुंडीच्या काठावर एक नारिंगी फुलपाखरू पंख पसरून उन्हाला बसलेलं. प्लेन टायगर, असं मनाशी म्हटलं आणि पेपर उघडला. प्लेन टायगर म्हणजे फुलपाखरांमधली एसटी हो. रंग साधारण तसलाच, चाल रमतगमत, आणि दिवसातून दहा वेळा दिसणार. त्यासाठी कोण चहा गार करेल?

पण दोन मिनिटांनी ते उडून शेजारच्या कुंडीतल्या घोळीवर उतरलं आणि पोट खाली वाकवून पानाला टेकवायला लागलं. म्हणजे मादी, आणि अंडी घालतेय. इथे माझी ट्यूब पेटली. प्लेन टायगरची मादी अंडी घालते ती रुईवर किंवा रुईच्या भाऊबंदांवर. घोळीशी तिचा काडीचा संबंध नाही. बाई दिसायला टायगर, पण सोयरीक भलतीकडेच!

पेपर टाकून आत धावलो. कॅमेरा सापडला, बॅटरी डाऊन. शेवटी मोबाईलवरच भागवलं. चौसष्ट फोटो काढले, त्यात कामाचे तीन. (बाकीच्या एकसष्टात आमची कुंडी फार सुंदर आलीय.) फुलपाखरांचे फोटो काढायचं एकच तंत्र मला जमतं: सकाळी लवकर, ऊन खात बसलेली असताना, आपली सावली त्यांच्यावर पडू न देता, कोपरांवर सरकत पुढे जायचं. चांगला फोटो मिळावा म्हणून फुलपाखरू पकडून फ्रिजमध्ये गार करणारे महाभागही असतात. त्यांच्याबद्दल इथे लिहिलं तर भाषा घसरेल, म्हणून सोडून देतो.

ओळखायची खूण मागच्या पंखावर असते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. माझ्या फोटोत मधला भाग कोरा, आणि वरच्या कडेजवळ फक्त एक काळा डाग. आयझॅक किहिमकरांचं २००८ सालचं जाडजूड पुस्तक घरी आहे, ते काढून तीनदा ताडून पाहिलं. डॅनेड एगफ्लाय. मादी.

आता हिची गंमत ऐका. प्लेन टायगरची अळी रुई खाते, आणि रुईतलं विष अंगात साठवते. ते पुढे फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. एगफ्लायच्या अंगात असलं काही नाही, ती आपली साधी घोळ खाऊन मोठी झालेली. मग तिने टायगरचा युनिफॉर्म घातला. निरुपद्रवी प्राण्याने विषारी प्राण्याचं सोंग घेण्याच्या या प्रकाराला हेन्री बेट्सचं नाव आहे. ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढून आलेल्या या माणसाने १८६२ साली त्यावरचा निबंध छापला. एगफ्लायमध्ये हे सोंग फक्त मादी घेते. नर असतो काळा मखमली, वर जांभळट झाक मारणारे पांढरे गोल. नवरा-बायको शेजारी बसवले तर एका जातीचे आहेत यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. त्याआधी हे फुलपाखरू कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत होतं, म्हणजे ज्या यादीत वाघ, त्याच यादीत. आणि ते आमच्या परसात, भाजीच्या कुंडीत! माझी छाती दोन इंच फुगली. पण मग वाटलं, दुर्मिळ म्हणजे नक्की काय? हे फुलपाखरू आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेलं आहे. आजवर किती वेळा माझ्यासमोरून गेलं असेल आणि मी 'हॅ, टायगर' म्हणून चहा प्यायला असेन! पक्ष्यांना फसवायला केलेल्या सोंगाला मी पदवीधर माणूस वर्षानुवर्षं फसलो. निदान पक्ष्यांचं तरी पोट त्यावर अवलंबून असतं.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, मी परसाचं 'रिफॅक्टरिंग' केलं होतं. कुठूनही कॉल होत नाही असं वाटणारं फंक्शन दिसलं की हात शिवशिवतात, तसंच. सगळ्या कुंड्यांतली, वाफ्यांतली घोळ उपटून कोपऱ्यात ढीग लावला. आई म्हणाली, "अरे, दोन कुंड्या राहू देत, भाजीला होईल." त्या दोन कुंड्या राहिल्या त्या तिच्यामुळे, आणि एगफ्लाय उतरली ती त्यातल्याच एकीवर.

फोटो काढून झाल्यावर त्या ढिगाकडे गेलो. दोन अळ्या मरून वाळलेल्या. काळ्या, अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे. तिसरी जिवंत होती, तांबूस डोकं हलवत एक पान खात होती. घोळ उपटली तरी लवकर मरत नाही, जाड पानांत पाणी धरून असते, म्हणून तिचं रेशन चालू होतं. ती फांदी अळीसकट उचलून कुंडीत खोचली. पुढे तिचं काय झालं ते पाहायला मी तिथे नव्हतो, सोमवारी पहाटेच्या गाडीने पुण्याला परतलो.

तेव्हापासून सोसायट्यांमधल्या 'बटरफ्लाय गार्डन' या प्रकाराकडे मी जरा संशयाने बघतो. लँटाना, पेंटास, रंगीत फुलं, मधे बाक, कडेला गुळगुळीत हिरवळ. फुलपाखरं येतात, मध पितात, लोक सेल्फी काढतात. जेवणावळ जोरात, पण बाळंतिणीला खोली नाही. रुई उगवली तर 'चिकाने पोरांचे डोळे जातील' (चीक डोळ्यांना वाईट हे खरं आहे, पण मग ती कुंपणाच्या पलीकडे तरी राहू द्या), घोळ उगवली तर 'माळी काय करतो?' आणि अळी दिसली की फवारा. मला विचाराल तर बागेचा एक कोपरा मुद्दाम गबाळा ठेवावा आणि माळ्याला तिथे हात लावू देऊ नये. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे बोलून पाहिलं. डासांचा प्रश्न निघाला, मग पार्किंगचा निघाला, आणि आमचा गबाळा कोपरा तिथेच वारला.

साताऱ्याला मात्र परिस्थिती बरी आहे. परवा आईचा फोन आला होता. "घोळ फार माजलीय रे. अर्धी खुडून मूगडाळ घालून करू का, की तुझ्या त्या बाईसाठी सगळी ठेवायची?"

म्हटलं, खुड. पण आधी पानांची खालची बाजू बघ.

"चष्मा लावून बघते," म्हणाली.