उपान्त्य पर्व आणि वाट

दूरचित्रवाणी मालिकेच्या ‘सीझन’ला मराठी वृत्तपत्रे ‘पर्व’ म्हणतात. हा शब्द सोयीने रूढ झाला असावा. परंतु महाभारताच्या वाचकाला तो सहजासहजी सोडता येत नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सातव्या, म्हणजे उपान्त्य पर्वाला तो लावून पाहावा, एवढाच येथे हेतू आहे.

२०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हे पर्व आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला उपलब्ध होई. दिल्लीत आमच्या पहिल्या तासाला विद्यार्थी डोळे चोळीत येत आणि महाकाव्याऐवजी त्याच्यावरच वाद घालीत. त्यांची तक्रार एकच होती : आधीच्या सहा पर्वांत प्रत्येकी दहा भाग होते, येथे सातच, म्हणून सारी घाई झाली.

हे निदान मला पटत नाही. महाभारताच्या अठरा पर्वांपैकी उपान्त्य असलेले महाप्रस्थानिक पर्व अवघ्या तीन अध्यायांचे आहे. तेवढ्यात पांडव पूर्वसमुद्रापासून दक्षिणेकडे, तेथून पश्चिमेकडे आणि अखेर हिमालयापलीकडे जातात; म्हणजे बहुतेक साऱ्या भारतवर्षाची प्रदक्षिणाच होते. यापेक्षा वेगवान निवेदन कोणते? तरीही ती वाट लांब वाटते. पूर्वेस अग्नी गांडीव परत मागतो, पश्चिमेस बुडालेली द्वारका दिसते, आणि उत्तरेस द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम एकामागून एक कोसळतात. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. वाट प्रत्येक टप्प्यावर काहीतरी हिरावून घेते. अंतर कळते ते त्यामुळे.

ही जाण या मालिकेस मुळात होती. पहिल्या पर्वात राजपरिवार विंटरफेलहून राजधानीस निघतो, तेव्हा वाटेतल्या मुक्कामावर मुलांचे एक क्षुल्लक भांडण होते. त्यापायी खाटकाचा पोर मारला जातो, सान्साची लांडगी मारली जाते आणि दोन घराण्यांतील तेढ वाढते. सातव्या पर्वाच्या सहाव्या भागात मात्र भिंतीपलीकडे वेढले गेलेल्यांपैकी एक जण धावत ईस्टवॉचला पोचतो, तेथून कावळा ड्रॅगनस्टोनला उडतो आणि डेनेरिस ड्रॅगनवरून साहाय्यास येते. तिचा एक ड्रॅगन तेथे मरतो, ही किंमत लहान नाही. पण ती रणभूमीवर मोजली जाते. इतक्या दूरच्या वाटेने तिच्याकडून काहीच घेतलेले नसते. आधारभूत कादंबऱ्यांपैकी पाचवी २०११ साली आली होती. मालिका तिच्याही पुढे गेली होती आणि कथेचे टप्पे आता पटकथाकारांनाच ठरवावयाचे होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. (ओलेनाच्या मृत्यूचा प्रसंग यास अपवाद. तेथे दोघे जण एका खोलीत बसून बोलतात, कोणास कोठे जावयाचे नसते. आणि तो प्रसंग उत्तम साधला आहे.)

परदेशी मालिकेस दोष देताना घरचेही पाहावे. बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ दिल्ली दूरदर्शनवरून १९८८ ते १९९० या काळात ९४ भागांत दाखविले गेले आणि युद्धानंतर भीष्मनिर्वाणापाशी थांबले. मौसल आणि महाप्रस्थानिक पर्वे त्या रविवारच्या प्रेक्षकांनी पाहिलीच नाहीत. चोप्रांनी वाट आखडली नाही, ती घेतलीच नाही. आणि माझ्या मते हा दोष अधिक मोठा आहे.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये कोसळलेल्या द्रौपदीजवळ भीमाला आणून मुळात नसलेला एक प्रसंग कल्पिला. साहित्य अकादमीने १९६८ साली गौरविलेल्या या ग्रंथातील तो प्रसंग काही अभ्यासकांना अनधिकृत वाटेल. परंतु त्याला जागा मिळाली ती द्रौपदी पडते आणि इतर पुढे चालत राहतात, त्या दोहोंमधील अंतरात. ईस्टवॉच आणि ड्रॅगनस्टोन यांच्या दरम्यान असे काही कल्पावे म्हणून मी तो सहावा भाग पुन्हा पाहिला. कावळा उडतो, आणि दुसऱ्या दृश्यात पत्र पोचलेले असते.